ब्रह्मकमळाचा टाइमलॅप्स करायचाय: फोन पुरेल का कॅमेरा घेऊ?

शेवंती_ठाणे | १२ जुलै, सकाळी ७:५०

काल रात्री आमच्या गॅलरीतलं ब्रह्मकमळ फुललं, एकदम तीन फुलं. (हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं हे माहितीय, मी म्हणतेय ते आपल्याकडे कुंड्यांतून असतं ते, निवडुंगाच्या कुळातलं, पानालाच कळी येते ते.) नऊ वर्षांपूर्वी आईनं तिच्या कुंडीतलं एक पान दिलं होतं, ते खोचलं आणि त्याचंच हे एवढं झाड झालंय. आई आता ७८ वर्षांची आहे, साडेआठला झोपते, तिच्याकडे इतकी वर्षं हे झाड होतं पण संपूर्ण उमलताना तिनं कधी पाहिलेलं नाही. सकाळी उठेपर्यंत फूल मान टाकतं. म्हणून म्हटलं आपण टाइमलॅप्स करू आणि तिला दाखवू.

फोन डाळीच्या डब्याला टेकवून उभा केला, कॅमेऱ्यातला टाइमलॅप्स मोड लावला, साडेसातला सुरू केलं. तर झालं काय की पहिल्या तासातच कळीचं देठ वर उचलत गेलं आणि फूल फ्रेमच्या बाहेर, मी परत फोन हलवला. रंग मधेच पिवळा मधेच निळा होतोय. उजेड सारखा लुकलुकतोय. आणि सव्वानऊला मावशीचा फोन आला, फुललं का विचारायला, तर रेकॉर्डिंग तिथेच तुटलं. जे हाती आलंय ते बघवत नाही.

आता त्याच झाडावर दोन पानांना मिळून पाच नव्या कळ्या धरल्यात, तांदळाच्या दाण्याएवढ्या आहेत, म्हणजे तीन-साडेतीन आठवडे आहेत हातात. २५ हजारापर्यंत खर्च करायची तयारी आहे. काय घेऊ? मॅक्रो लेन्स लागेल का? कृपया नीट सांगा, मला कॅमेऱ्यातलं फार कळत नाही पण शिकायची इच्छा आहे.

घाटमाथा | १२ जुलै, सकाळी ९:२०

ताई आत्ता काहीही विकत घेऊ नका. आधी तुमचं काय चुकलं ते बघू, कारण तेच सगळं २५ हजारांच्या कॅमेऱ्यावर पण चुकेल.

टाइमलॅप्स म्हणजे ठरावीक अंतरानं काढलेले फोटो एकामागे एक पळवायचे, बाकी काही नाही. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमनं पळतो असं धरा. फूल साडेसात ते साडेबारा उमलतं म्हणजे ५ तास, १८,००० सेकंद. दर २० सेकंदाला एक फोटो काढला तर ९०० फोटो, त्याचा व्हिडिओ होतो ३६ सेकंदाचा. दर १५ सेकंदाला काढला तर १२०० फोटो, ४८ सेकंद. हा हिशोब कागदावर आधी करायचा. ढगांसाठी मी २-३ सेकंदांचं अंतर ठेवतो, सूर्यास्ताला ५-६, ताऱ्यांना २०-३०, फुलाला १५-२० खूप झालं.

फोनमधला तयार मोड स्वतःच सगळं ठरवतो. प्रत्येक वेळी उजेड नव्यानं मोजतो, रंग नव्यानं ठरवतो, फोकस परत शोधतो. कळी हिरवट-गुलाबी असते आणि फूल पांढरंशुभ्र, म्हणजे जसजसं उमलेल तसतसं फोनला वाटणार उजेड वाढला आणि तो फोटो काळपट करत जाणार. तुमचा रंग त्यामुळेच बदलत होता. आयफोनवर अजून एक गोष्ट होते, रेकॉर्डिंग लांबलं की तो आपोआप फोटोंमधलं अंतर वाढवत नेतो म्हणजे व्हिडिओ आटोपशीर राहावा, त्यामुळे अंतर आपल्या हातात राहत नाही.

म्हणून पहिला नियम, काहीच ऑटो ठेवायचं नाही. उजेड, रंग, फोकस तिन्ही एकदा लावून कुलूपबंद. फोन अँड्रॉइड असेल तर ओपन कॅमेरा नावाचं फुकट अॅप घ्या, त्यात रिपीट आहे, किती फोटो आणि किती अंतरानं ते लावता येतं, एक्स्पोजर (म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते) लॉक होतं. आणि फोन एअरप्लेन मोडवर.

अनुजा | १२ जुलै, दुपारी १:०५

शेवंतीताई, तीन आठवडे आहेत ना, मग त्याआधी मटकीवर हात बसवून घ्या. खरंच सांगते. ब्रह्मकमळ एका रात्रीत होऊन जातं, चुकलं की महिना गेला. मटकी रोज भिजवता येते.

मी असं करते, मटकी आठ तास भिजवायची, मग पसरट काचेच्या भांड्यात ओला कापूस अंथरून त्यावर एका थरात मांडायची. फडक्यात बांधली तर दिसणार कशी, आणि झाकण ठेवलं तर काचेवर वाफ धरते. वरून पाणी शिंपडायचं नाही, दाणे घरंगळतात आणि व्हिडिओत धक्का बसल्यासारखं दिसतं, कापसाच्या कडेनं चमच्यानं पाणी सोडायचं. दर २ मिनिटाला एक फोटो, २४ तास, म्हणजे ७२० फोटो, २९ सेकंद. पावसाळ्यात मोड भराभर येतात. आधी सालाला चीर जाते, मग पांढरं टोक बाहेर डोकावतं आणि मग ते खाली वळून जमीन शोधायला लागतं, एक दाणा दुसऱ्याला उचलून बाजूला सारतो, ते इतकं छान दिसतं की मी माझ्या भाचीला दहा वेळा दाखवलंय.

रीळवाले_काका | १२ जुलै, रात्री १०:१५

अनुजा, तुझी मटकी वाचून फार आनंद झाला. आपल्याकडे या खेळाची सुरुवात अशाच एका दाण्यापासून झाली आहे. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन आले आणि पहिला मोठा चित्रपट करण्याआधी त्यांनी काय केलं, तर कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा मांडून ठेवला आणि महिनाभर थोडं थोडं चित्रण करत त्या वाटाण्याचा अंकुर, मग रोप, मग वेल अशी फिल्म केली. ती लोकांना दाखवली, ती बघून पैसे लावायला माणसं तयार झाली आणि त्यातून पुढे 'राजा हरिश्चंद्र' उभा राहिला, १९१३ च्या ३ मे रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात लागला. म्हणजे मराठी चित्रपटाच्या मुळाशी एक टाइमलॅप्स आहे. इंग्लंडात पर्सी स्मिथनं फुलं उमलतानाची फिल्म १९१० साली केली होती, फार मागेपुढे नाही.

मी तीसेक वर्षं फिल्मवर काम केलं आहे. हातानं हँडल फिरवायच्या कॅमेऱ्यावर, मधे काही बघायची सोय नसताना, महिनाभर कुंडी आणि कॅमेरा जागचा हलू द्यायचा नाही हे काय काम आहे ते मला चांगलं कळतं. शेवंतीताई, तुम्ही जरूर करा.

बे_एके_बे | १२ जुलै, रात्री ११:०२

काका, छान माहिती. एक शंका होती. बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं की ते रोज एकच फ्रेम घ्यायचे. पण महिनाभर रोज एक म्हणजे ३० फ्रेम झाल्या, त्या काळी सेकंदाला १६ धरल्या तरी दोन सेकंदात फिल्म संपली. लोकांना दाखवण्याजोगी मिनिटभराची फिल्म व्हायची तर दिवसाला तीसेक फ्रेम घ्यायला लागतील.

रीळवाले_काका | १३ जुलै, सकाळी ६:३०

तुमचा हिशोब बरोबर वाटतो. म्हणूनच मी थोडं थोडं म्हटलं. त्या कॅमेऱ्याला हँडलच्या एका फेऱ्यात अनेक फ्रेम जायच्या, एकेक फ्रेम काढायची तर वेगळी युक्ती लागे. दिवसातून अनेकदा ते कुंडीपाशी जात असणार. उजेडही सूर्याचाच, तो रोज वेगळा.

शेवंती_ठाणे | १६ जुलै, रात्री ९:४०

सगळ्यांचे मनापासून आभार. फाळक्यांचं वाचून अंगावर काटा आला. आईला फोनवर वाचून दाखवलं.

मटकी केली. फोनवर, ओपन कॅमेरा टाकून, दर २ मिनिटांनी. फोन दोन पाटांच्या मधे उलटा निजवून खाली बघत ठेवला आणि चार्जरला लावून ठेवला. ७२० पैकी ७०८ फोटो आले, बाराएक कुठे गेले कळलं नाही. मोड येताना दिसतात!! अनुजा तू म्हणतेस ते दाण्याला दाणा ढकलतो ते अगदी स्वच्छ आलंय.

पण लुकलुक आहेच. सगळं लॉक केलं होतं. खिडकी पण बंद होती, फक्त स्वयंपाकघरातला एलईडी बल्ब चालू. काही फ्रेम मधेच मंद आहेत, तीन-चार एकत्र, मग परत नीट. आणि शिवाय सगळ्या व्हिडिओभर एक बारीक थरथर आहे. काय असेल?

घाटमाथा | १६ जुलै, रात्री १०:५५

दोन वेगळी दुखणी आहेत.

तीन-चार फ्रेम एकदम मंद, ते व्होल्टेज. तुमचा फ्रिज चालू असतो तेवढा वेळ त्याच लाइनवरचा बल्ब मंद होत असणार. डोळ्याला कळतही नाही एवढं, पण फोटो पळवले की दिसतं. त्याला उपाय म्हणजे दिवा घरातल्या लाइनवर ठेवायचाच नाही, पॉवरबँकवर चालणारा छोटा एलईडी दिवा घ्या, चार्ज असेपर्यंत एकसारखा उजेड देतो, लाइट गेले तरी चालू. फक्त एकदा आधी रात्रभर लावून बघा, काही पॉवरबँका कमी करंट खेचला तर आपोआप बंद पडतात.

बारीक थरथर म्हणजे शटर आणि बल्ब यांचं जमत नाहीये. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातला बल्ब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. फोटो १/२०० सेकंदाचा असेल तर कधी उजळ क्षण सापडतो कधी अंधुक. शटर मोठं ठेवा, म्हणजे जास्त वेळ उघडं, अर्धा सेकंद, एक सेकंद, मग पन्नास-शंभर चढउतार एकाच फोटोत मिसळून जातात. आता फोनवर आयएसओ (उजेडाला सेन्सर किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) एवढा खाली आणून एक सेकंदाचं शटर सगळ्या फोनवर मिळत नाही. इथून पुढे मात्र कॅमेऱ्याचा उपयोग आहे, हे मी मान्य करतो.

मृगजळ | १७ जुलै, सकाळी ८:१५

आता कॅमेऱ्याचा विषय आलाच आहे तर माझं मत, जुना डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) घेऊ नका, बिनआरशाचा मिररलेसच घ्या. डीएसएलआरमध्ये प्रत्येक फोटोला आरसा वर जातो, शटरचे पडदे हलतात. सुरुवातीच्या मॉडेलांचं शटर साधारण एक लाख फोटोंना तपासलेलं असतं, टाइमलॅप्सच्या नादात एका महिन्यात दहा-पंधरा हजार सहज जातात. मिररलेसला इलेक्ट्रॉनिक शटर, आवाज नाही झीज नाही.

घाटमाथा | १७ जुलै, सकाळी ९:००

पैसे असतील तर मिररलेस उत्तमच. पण २५ हजारात कॅमेरा, लेन्स, ट्रायपॉड, कार्ड, वीजेची सोय सगळं बसवायचंय. ताईंना वर्षाला फार तर पंधरा-वीस टाइमलॅप्स करायचे असतील, प्रत्येकी हजार फोटो, तरी वर्षाला वीस हजार. सेकंडहँड बॉडी (नुसता कॅमेरा) घेताना शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढलेत, तो विचारून घ्यायचा, ३० हजारांच्या आत असेल तर निर्धास्त घ्यायची.

माझा सल्ला, निकॉन डी५३०० बघा. त्याच्या मेन्यूतच इंटर्व्हल टायमर (ठरावीक अंतरानं आपोआप फोटो काढायची सोय) आहे, वेगळा रिमोट लागत नाही. डी३५०० नवा दिसतो म्हणून मोहात पडू नका, त्यात ही सोय नाही. कॅननचा ७००डी मिळाला तर बाहेरून टायमर रिमोट लावायला लागेल. त्यावर मॅजिक लँटर्न नावाचं स्वयंसेवकांनी केलेलं फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) कार्डावरून चालतं, त्यातही इंटर्व्हल मिळतो, पण ते कंपनीचं नाही, जबाबदारी आपली, पहिल्याच कॅमेऱ्यावर नको.

आणि लेन्स. मॅक्रो लागत नाही ताई! तुमचं फूल वीतभर असतं. सोबत येणारी १८-५५ किट लेन्सच घ्या आणि ती ५५ ला लावून पूर्ण उघडी ठेवा. याच्यात एक गंमत आहे. आजकालच्या बहुतेक लेन्सचं छिद्र आपण बारीक केलं की प्रत्येक फोटोला पाती मिटतात आणि उघडतात, आणि दरवेळी अगदी त्याच जागी मिटत नाहीत, केसभर फरक पडतो, त्याचीच लुकलुक होते, सगळं मॅन्युअल असूनही. किट लेन्स ५५ वर पूर्ण उघडी म्हणजे एफ ५.६ (एफचा आकडा छिद्राचा, जितका लहान तितकं छिद्र मोठं), पाती हलायचा प्रश्नच नाही. सव्वा मीटरवरून धरलं तर दहाएक सेंटिमीटर खोली फोकसमध्ये येते आणि रुंदीला अर्धा मीटर मावतं. महागडी एफ १.८ ची लेन्स घेऊन तुम्ही पूर्ण उघडी ठेवली असती तर एक पाकळी नीट आणि बाकी धुकं.

एवढं केलं की उरतो तो ट्रायपॉड. तिथे हात आखडता घेऊ नका. उंच नको, जड हवा. मधला दांडा वर काढायचा नाही. मी पावसाळ्यात हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर जातो, खालून ढग वर येतात ते टिपायला. तिथे वाऱ्यात हलका ट्रायपॉड म्हणजे नुसता मनस्ताप, मी तीनही पायांच्या मधे पाठपिशवी अडकवतो, ती जमिनीला जेमतेम टेकेल अशी, म्हणजे झुलत नाही. तिथे २ सेकंदांचं अंतर आणि १ सेकंदाचं शटर ठेवतो, म्हणजे ढग झटके न देता वाहतात. दिवसाउजेडी एवढं मोठं शटर ठेवायचं तर लेन्सपुढे काळी काच लावावी लागते, पावसाळी उजेडाला एनडी ६४ पुरते. तुम्हाला रात्री तिची गरज नाही, तो खर्च वाचला.

निफाडकर | १७ जुलै, रात्री ८:३०

छान धागा. माझा अनुभव उलट्या टोकाचा, तुमचं फूल पाच तासांचं, माझी द्राक्षबाग चार-पाच महिन्यांची. ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत एका ओळीचा टाइमलॅप्स करतोय, दोन वर्षं झाली. रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा संगणक) आणि त्याचाच छोटा कॅमेरा, वर सोलर पॅनेल, खाली बॅटरी, सगळं पाणी न शिरणाऱ्या डब्यात.

पहिल्या वर्षी दर तासाला फोटो घेतला, सकाळी आठ ते पाच. दिवसाला दहा, १२० दिवसांचे १२००, व्हिडिओ ४८ सेकंद. बघितला तर सावल्या इकडून तिकडे पळतायत सारख्या, वेल वाढताना दिसतच नाही, डोळा सावलीकडेच जातो. मग संगणकावर सगळे फोटो गाळून फक्त सकाळी नऊचे ठेवले, पाच सेकंदांचा झाला पण त्या पाच सेकंदांत डोळे फुटतात, घड लोंबतात, मण्यात पाणी भरतं, सगळं दिसतं. यंदा सकाळी साडेआठ ते साडेनऊच्या मधे दहा मिनिटाला एक घेतो.

चुका सांगतो म्हणजे कुणाला उपयोग होईल. रास्पबेरी पायला स्वतःचं घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नसते (नव्या पाय ५ ला जोडता येते), बागेत इंटरनेट नाही, वीज तुटली की वेळ मागे पडते आणि रात्रीचे काळे फोटो येतात. शंभर-दीडशे रुपयांचं आरटीसी मॉड्यूल (बॅटरीवर चालणारं छोटं घड्याळ) लावलं मग थांबलं. औषध फवारणीचा पांढरा थर काचेवर बसतो. तो पुसायला गड्याला सांगितलं, त्यानं मन लावून पुसला आणि डबा दोन बोटं फिरला, डिसेंबरपासून पुढची सगळी बाग डावीकडे सरकलेली आहे. आता जीआय पाइप सिमेंटमध्ये गाडलाय, डब्याला वेल्डिंगच केलंय, काच मीच पुसतो. आणि डब्याच्या भोकात गांधीलमाश्या घर करतात, जाळी लावा.

अनुजा | १७ जुलै, रात्री ९:१०

निफाडकर दादा, मण्यात पाणी भरतानाचे फोटो बघायला फार आवडेल.

शेवंती_ठाणे | २८ जुलै, दुपारी ४:२०

घेतला! डी५३००, सेकंडहँड, १८-५५ सकट, शटर काउंट २१ हजार, सोळा हजारात मिळाला. जुना पण लोखंडासारखा जड ट्रायपॉड तीन हजारात. ६४ जीबी कार्ड. डमी बॅटरी मागवलीय, ती कॅमेऱ्यात बॅटरीच्या जागी बसते आणि वायर इन्व्हर्टरवरच्या प्लगला.

रोज एक सराव करतेय. काल कणकेचा गोळा ठेवला होता यीस्ट घालून, फुगताना. फोकस लागल्यावर लेन्सच्या रिंगला कागदी टेप लावून टाकला. लेन्सवरचं व्हीआर (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवायची सोय) बंद केलं, ट्रायपॉडवर ते चालू असलं तर चित्र हळूच सरकतं हे कळलं. फोटो काढल्यावर स्क्रीन उजळतो तो पण बंद केला.

कळ्या आता बोटाएवढ्या झाल्यात, खाली लोंबतायत. विचारायचं होतं की कॅमेरा समोरून ठेवू का बाजूनं? आणि जेपेग पुरेल का रॉ (कॅमेऱ्याची कच्ची, न दाबलेली फाइल)?

घाटमाथा | २८ जुलै, संध्याकाळी ६:००

बाजूनं, थोडं तिरपं. समोरून ठेवलं तर फूल उमलताना कॅमेऱ्याकडे चार बोटं पुढे येतं आणि फोकसबाहेर जातं. आणि वर मोकळी जागा सोडा, मागच्या वेळी देठ उचललं होतं ना. आधी रिकामी दिसेल ती जागा, दिसू दे.

रॉ घ्या. पांढऱ्या पाकळ्या जळाल्या (उजेड जास्त होऊन नुसत्या पांढऱ्या झाल्या) की परत येत नाहीत, रॉमध्ये थोडं सावरता येतं. एक फाइल २५ एमबी धरा, १३०० फोटोंचे ३३ जीबी होतील, तुमच्या कार्डात बसतं. उजेड लावताना कळीवर लावू नका, कळीच्या जागी पांढरा रुमाल धरा आणि तो जळणार नाही एवढा ठेवा. सुरुवातीची कळी काळोखी वाटेल, हरकत नाही.

खाडीकाठ | २८ जुलै, रात्री ९:४५

उशिरा आलो धाग्यावर. मी पूर्ण वाचला. आमच्याकडे खाडीत मी भरती-ओहोटीचे करतो, होड्या चिखलात आडव्या पडलेल्या असतात आणि पाणी आलं की एकेक करून उठून उभ्या राहतात. वेळ ठरवायला आमच्या वाडवडिलांचा हिशोब वापरतो, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, तीनला पूर्ण भरती, नऊला पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, भरती बाराच्या सुमारास. त्या दिवशी सकाळी सहाला कॅमेरा लावायचा आणि बारापर्यंत दर २० सेकंदाला एक, १०८० फोटो. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतं म्हणून थोडं आधी जातो.

ताईंना एक सांगायचं होतं, पावसाळी रात्री लेन्सवर दव धरतं, घरातून गॅलरीत कॅमेरा नेला की काच लगेच धुरकटते. कॅमेरा दोन तास आधीच बाहेर नेऊन ठेवा.

शेवंती_ठाणे | ७ ऑगस्ट, पहाटे ५:१०

झोप आलेली नाही म्हणून लिहितेच. काल रात्री फुललं!

कॅमेरा साडेचारलाच बाहेर नेला. कुंडी भिंतीला टेकवून दोन बाजूंनी विटा लावल्या, पानाला मागून कामटी देऊन सुतळीनं सैल बांधलं, वाऱ्याच्या बाजूला जुनं पुठ्ठ्याचं खोकं उभं केलं. मागे काळी सुती साडी. दिवा पॉवरबँकवर. एक सेकंद, आयएसओ ४००, एफ ५.६, रंग (व्हाइट बॅलन्स) ४००० वर पक्का, दर १५ सेकंदाला. सातला सुरू केलं. गॅलरीचं दार लावून घेतलं आणि आत कुणाला पाय आपटून चालू दिलं नाही.

आठ बावन्नला लाइट गेले, चार मिनिटं. माझा दिवा चालूच होता, फुलावर काहीच फरक नाही. साडीच्या कडेला समोरच्या इमारतीतला उजेड पडत होता तेवढा गेला, व्हिडिओत उजव्या कोपऱ्यात सोळा फ्रेम अंधार आहे, अर्ध्या सेकंदाहून जरा जास्त. तो मी तसाच ठेवणार आहे.

साडेबाराला थांबवलं. १३२० फोटो, एकही गहाळ नाही. डाविंची रिझॉल्व्ह नावाच्या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटोंची रांग टाकली की ती सरळ क्लिप म्हणून उघडते, फुकटच्या आवृत्तीत. ५२ सेकंद. लुकलुक नाही.

आता काय दिसलं ते सांगते. कळी आधी श्वास घेतल्यासारखी दोन-तीन वेळा हलते, उघडत मात्र नाही. मग टोकाशी बोट जाईल एवढी फट. बाहेरच्या ज्या बारीक गुलाबीसर पाकळ्या आहेत ना, त्या एकेक करून मागे वळतात, आणि सगळ्या सारख्या वेगानं नाही, एखादी अडकून राहते आणि मग झटकन सुटते. ती सुटली की अख्खं फूल हादरतं. मी नऊ वर्षं या झाडाशेजारी बसतेय, मला हे कधीच दिसलं नव्हतं. आणि फूल उमलत असताना पान हळूहळू खाली वाकत जातं, फुलाच्या वजनानं.

रीळवाले_काका | ७ ऑगस्ट, सकाळी ७:००

ताई, अभिनंदन. कोपऱ्यातला अंधार ठेवलात ते फार आवडलं. आईंनी पाहिलं का?

शेवंती_ठाणे | ७ ऑगस्ट, दुपारी १२:४५

सकाळी पाठवलं, मग व्हिडिओ कॉल केला. तिनं चार वेळा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा म्हणाली थांबव, आणि ती अडकलेली पाकळी दाखवून म्हणाली, ही बघ, हिला जवळच्या पाकळीनं धरून ठेवलंय. मला ते तोवर दिसलं नव्हतं. मोठ्या स्क्रीनवर बघितलं तर खरंच, शेजारच्या पाकळीचं टोक तिच्यावरून आडवं गेलंय. काका, फाळक्यांच्या वाटाण्याची गोष्ट पण तिनं परत विचारली.

मृगजळ | ७ ऑगस्ट, दुपारी २:३०

फार सुंदर झालं असणार. किट लेन्स पूर्ण उघडी ठेवायची युक्ती मी पण करून बघतो, माझ्या मिररलेसवर एफ ८ ला थोडी लुकलुक येतेच.

निफाडकर | ७ ऑगस्ट, रात्री ८:५०

ताई, साडेबाराला का थांबलात? मिटताना पण घ्यायचं होतं.

शेवंती_ठाणे | ७ ऑगस्ट, रात्री ९:१५

हो ना, तेच आज दिवसभर मनात आहे. कार्डात जागा पण होती. पहाटे चारला बाहेर गेले तेव्हा मान खाली गेलेली होती, ते सगळं सुटलं. पाचातल्या दोन कळ्या अजून राहिल्यात, उद्या-परवा फुलतील असं वाटतंय. या वेळी संध्याकाळी सात ते सकाळी सात, दर ३० सेकंदाला, १४४० फोटो. घाटमाथा, पहाटे उजाडायला लागल्यावर एक सेकंदाचं शटर जास्त होईल ना? तेव्हा काय करू, साडी पुढूनही घेऊन तंबू करू का?

घाटमाथा | ७ ऑगस्ट, रात्री ९:४०

तंबूच करा. रात्रीतून दिवसात जाताना एक्स्पोजर हळूहळू बदलत नेणं हे वेगळंच शिक्षण आहे, त्यासाठी एलआरटाइमलॅप्स म्हणून सॉफ्टवेअर आहे, ४०० फोटोंपर्यंत फुकट वापरता येतं, ते सावकाश शिका. परवापर्यंत नको. तिन्ही बाजूंनी जाड काळं कापड, वरून पण, फक्त लेन्सपुरतं भोक. आत हवा खेळायला खाली वीतभर मोकळं सोडा.